कुणबीण एक, मुलासुद्धा

कोकणातल्या घराण्यांनी कुळवृत्तांत छापण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे. पूर्वी ती बहुतांशी ब्राह्मण घराण्यांत होती. आता इतर समाजांतली घराणीही वर्गणी काढून हे काम हौसेने हाती घेतात. माहेरवाशिणींपासून परदेशातल्या नातवंडांपर्यंत सर्वांकडून माहितीचे तक्ते भरून घ्यायचे, गावच्या घरातले जुन्या कागदांचे रुमाल सोडायचे, मोडी वाचणारा शोधायचा, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून नावे उतरवून आणायची आणि मग पिढीवार क्रमांक लावून सगळे मांडायचे, हे किती कष्टाचे असते ते केलेल्यालाच ठाऊक. मी ते सहा वर्षे केले. त्या कामात माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो आमच्या एका घराण्यापुरता नाही, म्हणून तो येथे मांडतो आहे. शोध घेता घेता घराण्याच्या समजुतीत न बसणारा पूर्वज सापडला, तर त्याची नोंद छापायची की गाळायची? ती छापलीच पाहिजे असे माझे मत आहे, आणि त्याविरुद्ध जे बोलले जाते त्याचा विचार करूनच मी ते सांगतो आहे.

आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीला लागून आहे. घराणे मराठा, गावच्या खोतीत, म्हणजे सारावसुलीच्या वतनात, एका तक्षिमेचे, म्हणजे हिश्श्याचे, मालक. आपण शहाण्णव कुळी, आपल्या घराण्यात सोयरीक पाहूनच झाली, कुठे डाग नाही, हे आम्ही सर्वांनी लहानपणापासून ऐकले. गावच्या घराच्या माळ्यावर एका पेटाऱ्यात एक्केचाळीस मोडी कागद निघाले. त्यांतले जवळजवळ निम्मे वाळवीने खाल्लेले होते, आणि कोकणातल्या पावसाने उरलेल्यांची शाई पसरली होती. मोडी जाणणारे एक निवृत्त शिक्षक ते वाचून दाखवत, मी उतरवून घेत असे.

एके दिवशी त्यांनी एक वाटणीपत्र हाती घेतले. शके १७६९, प्लवंगनाम संवत्सर, म्हणजे इसवी सन १८४७. दोन भावांतली ती वाटणी होती. थोरल्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टींत आधी जमिनीची ठिकाणे, मग बैलजोडी, दुभती म्हैस, तांब्याचा हंडा, दोन पराती, आणि त्यांच्या मागोमाग, त्याच हाताने आणि त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘कुणबीण १, मुलासुद्धा’. पुढच्या ओळीत पाटा-वरवंटा आहे. गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली आणि मला विचारले, ‘हे उतरवून घ्यायचे ना?’

कुणबीण म्हणजे घरात राबणारी, मालकीची बाई. पेशवाईत अशा बाया विकत घेतल्या जात, दान दिल्या जात आणि वाटणीत वाटल्या जात. कोणी दुष्काळात विकलेली असे, कोणी स्वारीत धरून आणलेली, आणि कोणी व्यभिचाराचा आरोप ठेवून सरकारने गुलाम केलेली. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरचा मालकी हक्क न्यायालयांनी मानू नये असे ठरवले होते, तरी आमच्या गावात चार वर्षांनंतरही तो हक्क कागदावर बिनदिक्कत लिहिला जात होता. माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६२ मध्ये दंडसंहिता अमलात आल्यानंतर. या बाईचे नाव वाटणीपत्रात नाही. म्हशीचा रंग दिला आहे.

दुसरा कागद त्यानंतर चोवीस वर्षांनी झालेला, स्टँपाचा. त्या थोरल्या भावाला औरस मुलगा नव्हता. त्याने ‘आमचे घरचा लेकावळा, आमचे पोटचा’ अशा शब्दांत एका तरुणाला खाजणातले एक ठिकाण बक्षीस दिले आहे, आणि त्या तरुणाचे जे नाव लिहिले आहे ते माझ्या खापरपणजोबांचे आहे. लेकावळा म्हणजे घरच्या दासीच्या पोटी झालेला मुलगा. नावसाधर्म्यावर मी भिस्त ठेवली नाही. कागदातली चतुःसीमा गावच्या बोटखताशी, म्हणजे खोती गावाच्या जुन्या जमीननोंदीशी, ताडून पाहिली, बोटखतावरून जुना फेरफार मिळाला आणि फेरफारावरून आज आमच्या सामाईक नावावर असलेला सातबारा. जमीन तीच आहे. धाकट्या भावाचा वंश दोन पिढ्यांत संपला. आज या घराण्याचे म्हणून जे त्रेसष्ट उंबरे आम्ही मोजतो ते सगळे त्या लेकावळ्याचे, म्हणजे त्या कुणबिणीचे आहेत. जुन्या भाषेत अशा शाखेला कडू शाखा म्हणत आणि औरस शाखेला गोड. आमच्याकडे गोड शाखा उरलीच नाही.

आमच्या घरी पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी पितरांची पाने मांडून झाली की मागीलदारी, विहिरीकडे जाणाऱ्या पायरीवर, आणखी एक पान वाढले जाते. ते कोणाचे असे आजीला विचारले तर ‘मागल्या दारचे’ एवढेच ती सांगे. वाटणीपत्र वाचल्यापासून ते पान मला वेगळे दिसू लागले आहे. या दोन गोष्टींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तो वृत्तांतात यावा असा माझा आग्रह नाही. कुळवृत्तांत आधारावर चालावा, भावनेवर चालू नये, ही शिस्त मला स्वतःलाही लागू आहे.

समितीची बैठक मुंबईत एका नातलगांच्या घरी झाली. आम्ही नऊ जण होतो. मसुद्यात खापरपणजोबांच्या नावापुढे मी आधारासह जे लिहिले होते ते काढून तेथे ‘दत्तक’ हा एकच शब्द घालावा, असे सात विरुद्ध दोन मतांनी ठरले. कोणी आवाज चढवला नाही. वयाने सर्वांत थोर असलेले माझे चुलतकाका म्हणाले, ‘अरे, ज्या घराने आपल्याला वाढवले त्या घराचा आब आपण नाही राखायचा तर कोणी राखायचा?’ त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही. परंतु ‘दत्तक’ हा शब्द खोटा आहे. दत्तविधानाला मुलगा देणारे आईबाप लागतात, आणि होम व चार पंच ही सर्वसाधारण रीत. आमच्या एक्केचाळीस कागदांत असे काहीही नाही. ‘दत्तक’ म्हटले की तो मुलगा दुसऱ्या कुठल्या तरी बरोबरीच्या घरातून आला असे वाचणारा आपोआप समजतो, आणि ज्या बाईने त्याला याच घराच्या गोठ्याशेजारी वाढवले ती आपोआप नाहीशी होते. वाटणीपत्र लिहिणाऱ्याने तिला निदान एक आकडा तरी दिला होता. आम्ही तोही काढून घेतला.

आब राखण्याची ही कल्पना ज्या वंशशुद्धीवर उभी आहे ती हिशेबालासुद्धा टिकत नाही. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा, असे दहा पिढ्या मागे गेलो तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. कुळवृत्तांत त्यांतली एक जागा धरून चालतो, बापाच्या बापाच्या बापाची. उरलेल्या १०२३ जागांवर कोण होते याची चौकशी न करताच आपण शुद्धतेचा दाखला देतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे पाळण्यातले नाव बदलते, माहेरचे आडनाव कंसात जाते, आणि पुष्कळदा ते कंसही रिकामे असतात. आमच्या मसुद्यात पहिल्या चार पिढ्यांतल्या एकाही बाईचे माहेर नोंदलेले नाही. ज्यांना कुणबिणीची नोंद बोचते त्यांना हे रिकामे कंस बोचत नाहीत, याचे मला खरोखर दुःख होते.

हे सारे कोकणच्या किनाऱ्याविषयी बोलताना तर अधिकच खटकते. या किनाऱ्यावरच्या दोन समाजांच्या उत्पत्तिकथा समुद्राने काठावर टाकलेल्या माणसांपासून सुरू होतात. परशुरामाने किनाऱ्याला लागलेल्या चौदा प्रेतांना जिवंत करून चित्पावनांचे मूळ घातले ही एक; अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून बेने इस्राएल समाज वाढला ही दुसरी. कुलाबा जिल्ह्याच्या गावांतून तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे आपल्यासारखीच गावांवरून पडलेली. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे आढळले, आणि पहिला वारसा अधिक करून पुरुषांकडून, तर दुसरा स्त्रियांकडून आलेला दिसला. कथा सांगते की जोडपी समुद्रातून आली; रक्त सांगते की पुष्कळशा आया याच मातीतल्या होत्या. त्या आयांना कथेत जागा मिळाली नाही.

मुरूडच्या वाटेवर कोर्लईला पोर्तुगीज किल्ल्याच्या पायथ्याशी जी ख्रिस्ती वस्ती आहे तिच्या बोलीतही हेच ऐकू येते. शेजारच्या चौल बंदराचा पोर्तुगीज अंमल १७४० मध्ये संपला, पण कोर्लईत आजही पोर्तुगीजातून झालेली बोली घराघरांत बोलली जाते. शब्द बहुतेक पोर्तुगीज आहेत, मात्र क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. ही ठेवण शिपायांनी लिस्बनहून आणलेली नाही. ती इथल्या बोलण्यातून, आणि माझ्या समजुतीप्रमाणे मुख्यतः इथल्या आयांच्या तोंडून, आली असली पाहिजे. चौलला दहाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या अल-मसुदी या अरब प्रवाशाने तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि हिंदुस्थानातच जन्मलेल्यांना त्यांच्यात वेगळे नाव होते असेही नोंदवले आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या किनाऱ्यावर माणसे अशी मिसळत होती, तेथल्या एखाद्या घराण्याने आपल्या वंशात परके कोणी नाही असे छातीठोकपणे छापावे, याला आधार कोणता?

रत्नागिरीने या बाबतीत एकदा अधिक मोकळेपणा दाखवला होता. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणले आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याच्या थोरल्या मुलीचे वाड्यावरच्या सावंत नावाच्या रखवालदाराशी संबंध जुळले आणि तिला मुलगी झाली. ती टूटू पुढे रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलली, मराठी माणसाशी लग्न करून गरिबीत संसार केला आणि म्हातारी होऊन वारली. ती कोणाची नात हे शहराला माहीत होते. ते कोणी लपवले नाही आणि त्यावरून तिला वाळीतही टाकले नाही. अर्थात आजोबा राजा होता, म्हणून हे सांगायला कोणाला संकोच वाटला नसावा, हे मान्य केले पाहिजे. आमच्या खापरपणजोबांच्या आईचा बाप कोण होता, तिला कोणी विकले, याची कोठेही नोंद नाही. पण वंशात अनपेक्षित माणूस निघाला तर घराणे बुडते ही भीती किती पोकळ आहे हे समजायला टूटूचे उदाहरण पुरेसे आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. मुलींच्या सोयरिकी मोडतील, असे आमच्या बैठकीत दोघांनी काकुळतीने सांगितले. १८४७ च्या वाटणीपत्रावरून आज जे घर सोयरीक मोडेल त्या घरात आपली मुलगी सुखी राहील काय, असा उलट प्रश्न मी केला, आणि आजही मला तोच योग्य वाटतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज वंशावळ ही केवळ घरगुती हौस राहिलेली नाही. जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यासाठी २००० चा अधिनियम आहे. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे आणि त्याआधीची वाडवडिलांची नोंद दाखवावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालची समिती नेमली गेल्यावर कुणबी जातीच्या नोंदी शोधण्यासाठी तहसीलांतले गावनमुना चौदाचे, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदींचे, जुने बाड उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. बापाकडून मुलाकडे जाणारी सरळ रेघ ज्या कागदावरून शासन तपासते, त्या कागदात गुंता नको असे लोकांना वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षणाची जागा आणि नोकरी ज्या नोंदीवर अवलंबून आहे तिच्याशी खेळ करा असे मी कोणालाच सांगणार नाही. पण म्हणून कुळवृत्तांतात खोटे लिहावे असे त्यातून निघत नाही. उलट, ‘दत्तक’ असा निराधार शब्द छापणे हीच पुढे अडचणीची नोंद ठरू शकते.

तिसरी गोष्ट मला माझ्या बाजूने बोलणाऱ्यांना सांगायची आहे. सगळे उघड करा ही मागणी सर्वांना सारखीच लावता येत नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात देवळाच्या सेवेत असलेल्या भाविणी आणि देवळी यांची नोंद १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये आहे. मुंबई इलाख्यात १९३४ च्या देवदासी संरक्षण कायद्याने ती प्रथा बंद केली. त्या घरांतल्या पुढच्या पिढ्यांनी नवी आडनावे घेतली, गाव सोडले, जुने मागे टाकले, कारण ते नाव चिकटले की शाळेच्या बाकापासून स्मशानापर्यंत अपमान सोसावा लागत होता. त्यांच्या मौनाला मी लपवाछपवी म्हणणार नाही. ते त्यांनी स्वतःच्या रक्षणासाठी धरलेले आहे, आणि ते सोडायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे आहे. दुसऱ्याच्या घराण्याचा कागद बाहेर काढून मिरवणारा संशोधक मला मान्य नाही. माझी मागणी आमच्यासारख्या घरांकडे आहे, ज्यांच्याकडे जमीन होती, खोती होती, कुणबीण ठेवण्याची ऐपत होती. खरे सांगितल्याने आमचे पोट मारले जाणार नाही, कोणी आम्हाला विहिरीवरून हाकलणार नाही. जाईल तो फक्त दिमाख, आणि तो ज्या बाईच्या कष्टांवर उभा राहिला तिच्यापेक्षा त्याची किंमत जास्त धरण्याचे मला काही कारण दिसत नाही.

काही मर्यादा मीही मानतो. शंभर वर्षांच्या आतले, ज्याची झळ हयात माणसांना किंवा त्यांच्या आईबापांना लागेल असे काही, त्या माणसांच्या संमतीशिवाय छापू नये. एखाद्या काकूचा पहिला विवाह किंवा अनाथाश्रमातून आणलेले मूल हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे. एकाच कागदावर विसंबून निष्कर्ष काढू नये. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव म्हणूनच लिहावी. आणि जुने कागद वाळवी खाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढून एखाद्या संस्थेत ठेवावीत, म्हणजे पुढच्या पिढीतला कोणी आपले वाचन तपासून पाहू शकेल. एवढे पाळूनही पुष्कळ छापण्यासारखे उरते. ज्या ओळीत सुनेचे माहेर माहीत नाही तेथे कंस न गाळता ‘माहेर अज्ञात’ असे लिहिले तरी वाचणाऱ्याला कळेल की तेथे एक माणूस होते.

आमचा वृत्तांत पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला निघायचा आहे. मुद्रिते माझ्याकडे तपासायला आली आहेत आणि पान सत्तावीसवर खापरपणजोबांच्या नावापुढे ‘दत्तक’ हा शब्द आहे. मी समासात माझी दुरुस्ती पुन्हा लिहिली आहे, लेखी भिन्नमत जोडले आहे आणि दोन्ही कागदांच्या छायाप्रती सर्व त्रेसष्ट घरांना टपालाने पाठवल्या आहेत, कारण हा निर्णय नऊ जणांनी घेण्याचा नाही. आतापर्यंत एकोणीस उत्तरे आली. त्यांतली अकरा दुरुस्तीच्या बाजूची आहेत, आणि त्या अकरांतली आठ सुनांनी लिहिलेली आहेत. समासातली दुरुस्ती अशी आहे: ‘आई : या घरातील कुणबीण. नाव, माहेर अज्ञात. आधार : शके १७६९ चे वाटणीपत्र व १८७१ चे बक्षीसपत्र. या वृत्तांतातील यापुढील सर्व शाखा हिच्या.’